शेताचा नकाशा जुळत नाही: दोष होकायंत्राचा, कंपासचा की मोजण्याच्या रीतीचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगरउताराला लागून असलेल्या आपल्या पाच कोपऱ्यांच्या शेताचा नकाशा, ठिबकच्या नळ्या आणि झाडांच्या ओळी आखण्यापुरता, आपल्याला स्वतःच काढायचा आहे. त्यासाठी आपण हातात धरायचे होकायंत्र आणि तीस मीटरची टेप घेतली आणि मुलीच्या कंपासपेटीतला कंपास व कोनमापक वापरून आकृती काढली. परंतु बोअरवेलजवळच्या कोपऱ्यावर होकायंत्र आणि मोबाइल यांच्यात दहा-बारा अंशांचा फरक पडतो, इतर कोपऱ्यांवर पडत नाही, आणि कागदावर पाचवी बाजू पहिल्या कोपऱ्याला येऊन मिळत नाही. तेव्हा होकायंत्र बिघडले आहे की कंपास, आणि नवीन घ्यायचे झाल्यास कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

मी अनेक वर्षे पदविकेच्या विद्यार्थ्यांकडून सर्वेक्षणाची प्रात्यक्षिके करून घेतली आहेत आणि खाजगी मोजणीची कामेही केली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपली दोन्ही उपकरणे बहुधा ठीक असावीत. अडचण अशी आहे की होकायंत्राकडून आपण जितक्या अचूकतेची अपेक्षा ठेवली आहे तितकी ते देऊ शकत नाही, आणि कंपास जे काम उत्तम करू शकतो ते आपण त्याला दिलेलेच नाही. अर्थात शेताच्या आसपास लोखंड किती आहे, कातळ उघडा आहे का, जमिनीला उतार किती आहे आणि टेप कशी धरली होती यांवर बरेच अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. म्हणून निदान करण्यापेक्षा निदान कसे करावे तेच सांगतो.

आधी होकायंत्राची सुई काय करते ते पाहू. उत्तर ध्रुव सुईला आपल्याकडे ओढतो अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि ती नीटशी बरोबर नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एका शेताएवढ्या जागेत सगळीकडे जवळजवळ सारखेच असते. त्यामुळे सुईच्या उत्तर टोकावर जितके बल एका दिशेने लागते, तितकेच बल दक्षिण टोकावर उलट दिशेने लागते. मोटारीचे स्टिअरिंग वळवताना एक हात वर आणि दुसरा खाली ओढतो, चक्र फिरते पण जागचे हलत नाही, तसेच इथे घडते. चुंबकीय सुई बुचाच्या चकतीवर ठेवून परातीतल्या पाण्यात सोडली, तर ती वळून उत्तर-दक्षिण होते, पण उत्तरेकडे तरंगत जात नाही. जवळ लोखंड आले की मात्र क्षेत्र सारखे राहत नाही, आणि सुई वळते तशी खेचलीही जाते.

दुसरी गोष्ट अशी की हे क्षेत्र जमिनीला समांतर नसते. आपल्याकडे, मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात, ते क्षितिजाखाली सुमारे पंचवीस ते सत्तावीस अंश झुकलेले आहे. लंडनमध्ये हा झुकाव साठ अंशांहून अधिक आहे, तर तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे तो शून्याजवळ येतो. सुईला वळवण्याच्या कामी येतो तो फक्त क्षेत्राचा आडवा भाग, आणि अलिबागला तो सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक), म्हणजे लंडनच्या जवळजवळ दुप्पट आहे. आपल्या भागात सुई चटकन आणि ठामपणे स्थिरावते, ती यामुळे. झुकावामुळे सुईचे उत्तर टोक खाली जाऊ पाहते, म्हणून कारखान्यात दक्षिण टोकावर थोडे वजन लावून ती तोललेली असते. युरोपातील झुकावासाठी तोललेले होकायंत्र कोणी नातेवाइकाने भेट म्हणून आणून दिले, तर इथे त्याचे दक्षिण टोक खाली बसते आणि डबीच्या तळाला किंवा काचेला घासू लागते. अशी सुई अडते आणि तरीही आकडा दाखवते, म्हणून ती विशेष फसवी असते. आपले होकायंत्र समपातळीत धरल्यावर सुई मोकळी तरंगते आहे ना, हे सर्वांत आधी बाजूने डोळा लावून पाहावे.

तिसरी गोष्ट दिक्पाताची, ज्याला सर्वेक्षणात डेक्लिनेशन म्हणतात. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. नकाशावरची खरी उत्तर तिच्यापासून थोडी वेगळी असू शकते. याविषयी इंटरनेटवर जी भीती घातली जाते ती बहुतेक अमेरिकेतल्या किंवा न्यूझीलंडमधल्या वाचकांसाठी असते. सिएटलजवळ हा फरक सुमारे पंधरा अंश आहे आणि तिथे तो विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात मात्र तो सध्या साधारण एका अंशाच्या आत आहे. आपल्याला आलेला दहा-बारा अंशांचा फरक दिक्पाताने समजावता येत नाही, आणि मोबाइलमध्ये खरी उत्तर निवडली होती की चुंबकीय, या प्रश्नानेही तो सुटत नाही.

मग उरते ते लोखंड. बोअरवेलचा लोखंडी केसिंग पाइप वर्षानुवर्षे उभा असतो आणि पृथ्वीच्या क्षेत्रामुळे स्वतःच सौम्य चुंबक बनतो. आपल्या गोलार्धात अशा उभ्या पाइपचे वरचे टोक सुईच्या उत्तर टोकाला खेचते आणि खालचे टोक दक्षिण टोकाला. जुन्या लोखंडी फाटकाच्या उभ्या खांबाजवळ होकायंत्र वरून खाली सावकाश नेले, तर हा बदल बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. अशा जागी हातभर अंतरानेही क्षेत्र बदलते. आपण होकायंत्र कोपऱ्याच्या दगडावर ठेवले असेल आणि मोबाइल छातीच्या उंचीवर धरला असेल, तर दोन्ही उपकरणे आपापल्या जागचे क्षेत्र प्रामाणिकपणे सांगत असूनही त्यांचे आकडे जुळणार नाहीत. दोघांपैकी खरे कोण, असा प्रश्न त्या जागी विचारण्यात अर्थच नसतो. शिवाय मोबाइलच्या फ्लिप कव्हरमध्ये लहानसा चुंबक असतो. तो तसाच ठेवून घेतलेल्या वाचनाचा विचारच करू नये.

विजेच्या तारांविषयीही बरेच गैरसमज आहेत. घरगुती किंवा शेतीपंपाचा वीजप्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, आणि जड सुई त्याच्या मागे धावू शकत नाही, म्हणून त्या तारेने सुई सहसा हलत नाही. हलते ती खांबाच्या लोखंडाने. सौर पंपाच्या पॅनेलकडून येणारा प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहतो. दहा अँपिअर प्रवाहाच्या एकट्या तारेपासून दहा सेंटिमीटरवर सुमारे २०,००० नॅनोटेस्लाचे क्षेत्र असते, म्हणजे पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक. जाणारी आणि येणारी तार जोडीने नेलेली असेल तर दोघींचे परिणाम बव्हंशी एकमेकांना खोडतात, पण पॅनेलचा सांगाडा लोखंडीच असतो. तेव्हा सौर पंपापासून लांब राहणे बरे.

एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा उपद्रव किती असतो याचे उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे दिसू लागले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक मोजमापे बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांचे काम खाडीपलीकडे अलिबागला हलवले. १९०४ मध्ये तिथली वेधशाळा सुरू झाली आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडून दिली गेली. तिथल्या इमारती मुद्दाम लोखंडाविना, निवडक अचुंबकीय साहित्यातून बांधलेल्या आहेत. विजेची पहिली ट्राम १९०७ मध्ये धावली. आपल्याला एवढ्या सूक्ष्मतेची गरज नाही, पण कोपऱ्यावर उभे राहताना खिशातल्या किल्ल्या, कमरेचा धातूचा बक्कल, कोयता आणि पोलादी टेप काही पावले दूर ठेवावी. खूण म्हणून लोखंडी टोकाच्या काठीऐवजी बांबू रोवून त्याला लाल फडके बांधावे.

डोंगरउताराच्या शेतात आणखी एक शंका घ्यावी लागते ती काळ्या कातळाची. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात, आणि उघड्या माथ्यावर वीज पडलेल्या जागी तर खडक चांगलाच चुंबकित झालेला असतो. होकायंत्र थेट कातळावर ठेवू नये, निदान छातीच्या उंचीवर धरावे, आणि दोन-तीन मीटर सरकून पुन्हा वाचावे. आकडा बदलला तर ती जागा संशयास्पद समजावी. (इमारतीतल्या सदनिकेत उभे राहून वास्तूची दिशा ठरवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. प्रत्येक खांबात सळया असताना दिवाणखान्याच्या मध्यावर सुई काय दाखवते यावर स्वयंपाकघर हलवू नये.)

आता मुख्य मुद्दा. कोणता कोपरा सुईला भरकटवतो हे ओळखण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. प्रत्येक बाजूचा दिशाकोन, म्हणजे बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन), दोन्ही टोकांवरून घ्यायचा. क वरून ख कडे पाहताना जो आकडा येतो, त्यात आणि ख वरून क कडे पाहताना येणाऱ्या आकड्यात बरोबर १८० अंशांचा फरक असला पाहिजे. समजा, क–ख चे बेअरिंग ७२ अंश आणि ख–क चे २५२ अंश आले. फरक १८० आहे, तेव्हा क आणि ख हे दोन्ही कोपरे निर्दोष धरायला हरकत नाही. पुढे ख–ग १४८ आणि ग–ख ३४० आले. फरक १९२ झाला. ख निर्दोष आहे हे आधीच ठरले आहे, म्हणून दोष ग मध्ये आहे आणि तिथे सुई १२ अंश जास्त दाखवते आहे. मग ग वर घेतलेल्या प्रत्येक वाचनातून १२ वजा करायचे. ग–घ २३३ आले असेल तर खरे २२१. आणि घ वरून ग कडे पाहताना ४१ आले, तर २२१ शी त्याचा फरक १८० भरतो, म्हणजे घ सुद्धा स्वच्छ. हे आकडे माझे आहेत, आपल्या शेताचे नव्हेत, पण बोअरवेलचा कोपरा ग च्या जागी ठेवून पाहिला तर आपल्या वहीत बहुधा असेच काहीसे दिसेल.

याच उदाहरणात एक फार उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. ग पाशी सुई भरकटली होती, पण एकाच जागी उभे राहून पाहिल्यामुळे दोन्ही दिशांना सारखीच भरकटली होती. ख आणि घ यांच्या दिशांतला कोन चुकीच्या वाचनांवरून ३४० वजा २३३ म्हणजे १०७ अंश येतो, आणि दुरुस्त वाचनांवरूनही ३२८ वजा २२१ म्हणजे १०७ च येतो. दिशा खोटी असली तरी कोपऱ्याचा कोन खरा राहिला. मात्र त्यासाठी दोन्ही वाचने होकायंत्र एकाच बिंदूवर, एकाच उंचीवर ठेवून घेतलेली असली पाहिजेत. पाचही कोपऱ्यांचे आतले कोन असे काढून त्यांची बेरीज करा. पाच बाजूंच्या आकृतीत ती ५४० अंश भरली पाहिजे. अंश-दीड अंशाचा फरक आला तर हातातल्या होकायंत्राकडून तेवढेच अपेक्षित आहे. पाच-सात अंशांचा आला तर कुठेतरी वाचनातच घोटाळा आहे आणि कागदाला हात लावण्यापूर्वी पुन्हा शेतात जावे लागेल.

आपले होकायंत्र प्रिझमवाले असेल तर आकड्यांनी गोंधळू नका. त्यात तबकडी सुईला चिकटलेली असते आणि तिच्याबरोबर फिरते. आकडे आपल्या डोळ्याजवळच्या बाजूला, म्हणजे नजरेच्या नेमके विरुद्ध टोकाला वाचले जातात, म्हणून शून्य दक्षिण टोकावर आणि १८० उत्तर टोकावर छापलेले असते. ती छपाईची चूक नाही, हे दरवर्षी एखाद्या तरी विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागते.

इथपर्यंत सगळे नीट केले तरी होकायंत्राची मर्यादा उरतेच. चांगल्या प्रिझमच्या होकायंत्रावर अर्धा अंश वाचता येतो, साध्यावर एक-दोन अंश. एक अंशाची चूक शंभर मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर होते. पाच बाजू अशा एकापुढे एक रचत गेलात की शेवटची बाजू पहिल्या कोपऱ्याला न मिळणे हे स्वाभाविक आहे, आणि त्यात कोनमापकाने कोन मांडताना अर्ध्या अंशाची भर सहज पडते. म्हणून माझा सल्ला असा की शेताचा आकार होकायंत्रावर ठरवूच नका. तो टेप आणि कंपास यांवर ठरवा, आणि होकायंत्राकडे फक्त दोन कामे ठेवा: नकाशावर उत्तर दाखवणे आणि मोठी चूक पकडणे.

त्याची रीत अशी. पाच बाजू मोजाच, पण एका कोपऱ्यावरून समोरच्या दोन कोपऱ्यांपर्यंतचे दोन कर्णही मोजा. शेत तीन त्रिकोणांत विभागले जाते, आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार पक्का होतो. कोनाची गरजच उरत नाही. कागदावर एक बाजू आखा, तिच्या दोन टोकांवर कंपासचे टोक ठेवून मोजलेल्या अंतरांचे दोन कंस काढा. ते जिथे छेदतात तिथे पुढचा कोपरा. दोन कंस रेषेच्या दोन्ही अंगांना एकेका ठिकाणी छेदतात, त्यांतला कोणता घ्यायचा हे शेत डोळ्यांपुढे असल्याने कळतेच, आणि शंका आली तर होकायंत्राचे वाचन कितीही ढोबळ असले तरी ती मिटवते. शेवटी आणखी एक तिसरा कर्ण मोजा आणि तो आकृती काढताना वापरू नका. आकृती पूर्ण झाल्यावर कागदावर तो मोजून शेतातल्या मापाशी ताडून पाहा. हे एक जादा माप मी कधीही वगळू देत नाही, कारण बाकीची सगळी मापे चुकीची असली तरी त्यांतून एक सुबक, पूर्ण आकृती तयार होते, आणि ती चुकीची आहे हे सांगणारे दुसरे काही कागदावर नसते.

त्रिकोण निवडताना त्यांचे कोन तीस अंशांहून लहान आणि एकशेवीस अंशांहून मोठे होणार नाहीत असे पाहावे. दोन कंस एकमेकांना काटकोनात छेदतात तेव्हा छेदबिंदू स्पष्ट असतो. ते पंधरा अंशांच्या कोनात निसटते छेदले, तर अंतरातली एक मिलिमीटरची चूक छेदबिंदूला जवळपास चार मिलिमीटर सरकवते. लांबट शेतात अशा वेळी कोपऱ्यांवरच अडून न राहता बांधावर मधली एखादी खूण घेऊन त्रिकोण सुधारून घ्यावेत.

टेप मात्र आडवी धरा. उतारावर टेप जमिनीला टेकवून तीस मीटर मोजले आणि त्यात तीन मीटरचा चढ असेल, तर नकाशावरचे खरे अंतर २९.८५ मीटरच भरते. दर तीस मीटरला पंधरा सेंटिमीटर वाढत जातात. चढ तीव्र असेल तिथे पाच-पाच मीटरचे टप्पे करून, टेपचे एक टोक उंच धरून, तिथून ओळंबा सोडून पायऱ्यापायऱ्यांनी मोजावे. आपली आकृती न जुळण्यात बोअरवेलइतकाच वाटा या उताराचा असू शकतो, कारण शेताच्या सगळ्याच बाजू सारख्या उतारावर नसतात आणि त्यामुळे मापे सारख्या प्रमाणात वाढत नाहीत.

आता कंपासविषयी. त्याचे काम एकच: दोन टोकांमधले अंतर न बदलता ते कागदावर फिरवणे. तो स्वतः काही मोजत नाही. पट्टीवरून उचललेले अंतर जसेच्या तसे नेऊन ठेवतो, आणि ते अंतर वाटेत बदलले तर त्याचा उपयोग संपतो. हे तपासण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक वर्तुळ काढून त्याच्यावरूनच कंपास दुसऱ्यांदा फिरवा; दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसली पाहिजे. मग तेच अंतर कायम ठेवून परिघावर एका खुणेपासून सहा पावले टाका. त्रिज्येइतकी जीवा केंद्राशी साठ अंशांचा कोन करते, म्हणून सहावे पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर पडते. मधल्या काळात अंतर पाव मिलिमीटर जरी सरकले तरी सहा पावलांत ते दीड मिलिमीटर होऊन दिसते. शाळकरी कंपासची बिजागरी सैल झाली की ही चाचणी हमखास नापास होते. स्क्रू आवळून सुधारणा झाली तर ठीक, नाहीतर तो कंपास रांगोळीच्या ठिपक्यांना द्यावा.

बिजागरी घट्ट असूनही चूक येण्याचे कारण बहुधा पाय जास्त फाकणे हे असते. सुमारे दहा सेंटिमीटरच्या पुढे शाळकरी कंपासचे दोन्ही पाय तिरपे होतात, टोक कागदात तिरपे रुतते, भोक मोठे होत जाते आणि शिसे कडेने घासते. आपल्या शेताच्या बाजू साधारण ऐंशी-शंभर मीटरच्या आणि कर्ण एकशेचाळीसच्या आसपास असतील असे धरले, तर एकास पाचशे प्रमाणात कर्ण अठ्ठावीस सेंटिमीटर होतो. तो त्या कंपासच्या आवाक्यात नाही. एकास हजार घेतले तरी चौदा सेंटिमीटर म्हणजे ताणच आहे, शिवाय त्या प्रमाणात पाव मिलिमीटर जाडीची रेघ शेतावर पंचवीस सेंटिमीटर झाकते. मोठ्या त्रिज्येसाठी बीम कंपास म्हणून उपकरण मिळते, ज्यात एका सरळ दांड्यावर टोक आणि शिसे सरकवून पक्के करतात. विकत न घेता तेच काम जाड पुठ्ठ्याच्या लांब पट्टीने होते: एका टोकाला टाचणी, आणि मोजलेल्या अंतरावर पेन्सिलीचे टोक जेमतेम जाईल एवढे भोक. प्रत्येक अंतरासाठी वेगळे भोक पाडावे आणि त्याशेजारी अंतर लिहून ठेवावे. दिसायला हे गावठी आहे, पण फाकलेल्या कंपासपेक्षा पुष्कळ विश्वासू आहे.

उत्तर दिशेसाठी होकायंत्राची परीक्षा घ्यायची असेल, तर कंपासचीच कल्पना जमिनीवर वापरता येते. मोकळ्या, सपाट जागी मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास तिच्या सावलीच्या टोकापर्यंत दोरी धरून काठीभोवती वर्तुळ आखा आणि सावलीचे टोक वर्तुळावर जिथे आहे तिथे खुंटी ठोका. सावली दुपारपर्यंत लहान होईल, मग वाढत वाढत तिचे टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल. तिथे दुसरी खुंटी. दोन खुंट्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, आणि तिच्या मध्यातून काठीकडे जाणारी रेषा खरी उत्तर-दक्षिण. यज्ञवेदी आखण्यासाठी कात्यायन शुल्बसूत्रात दिलेली रीत हीच आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी ती उत्तम साधते. मे महिन्यात सूर्य माथ्यावरून जात असताना दुपारच्या सुमाराची सावली वापरायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सकाळ आणि दुपार यांतले अंतर पुरेसे ठेवावे.

या रेषेवर होकायंत्र धरून वाचा. आपल्याकडे दिक्पात अंशाच्या आत असल्याने आकडा शून्यापासून दीड-दोन अंशांहून जास्त दूर असेल, तर दोष जागेत तरी आहे किंवा उपकरणात तरी. तोच प्रयोग लोखंडापासून दूर अशा दुसऱ्या जागी करा. दोन्हीकडे तेवढाच आणि त्याच बाजूचा फरक आला तर तो उपकरणाचा, आणि तो कायमचा वजा करून तेच होकायंत्र खुशाल वापरता येईल. फरक जागेप्रमाणे बदलला तर उपकरणाला बोल लावू नये.

एक इशारा द्यायलाच हवा. हा नकाशा ठिबक, झाडे आणि आपल्या माहितीपुरता आहे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा या हिशेबाने क्षेत्रफळ काढून सातबाऱ्याशी ताडून पाहायला हरकत नाही, पण त्यावरून शेजाऱ्याच्या बांधावर बोट ठेवू नये. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करणे हाच मार्ग आहे.

राहिला खरेदीचा प्रश्न. वरच्या चाचण्यांत सध्याची उपकरणे उतरली तर काहीच घेऊ नका. घ्यायचेच झाले तर होकायंत्र द्रव भरलेले, नजर धरायला फट किंवा आरसा असलेले आणि निदान दोन अंशांच्या खुणांचे असावे. किल्लीच्या जुडग्याला लावायचे मिळते ते या कामाचे नाही. दुकानात सभोवती लोखंडी कपाटे असल्याने खरी दिशा तपासता येत नाही, पण सुईची हालचाल तपासता येते: होकायंत्र टेबलावर स्थिर ठेवून आकडा वाचा, किल्ली जवळ नेऊन सुई विचलित करा, किल्ली दूर करा आणि सुई त्याच आकड्यावर परत येते का हे तीन-चार वेळा पाहा. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर ती ज्या अणकुचीदार खिळीवर फिरते ती बोथट झालेली आहे. घरी आणल्यावर ते मोबाइल आणि स्पीकर यांच्यापासून वेगळे ठेवा, कारण जोरदार चुंबकाशेजारी राहून सुईचे ध्रुव उलटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मग तिचे रंगवलेले टोक निमूटपणे दक्षिण दाखवत राहते. कंपास घेताना दोन पायांच्या मध्ये आडवा स्क्रू आणि चाक असलेला घ्या, म्हणजे अंतर आपोआप सरकत नाही. त्याचे टोक पायरीचे असावे, जेणेकरून ते कागदात ठरावीक खोलीपर्यंतच जाईल. आणि शिसे बाहेरच्या बाजूने तिरपे घासून, टोकापेक्षा किंचित आखूड ठेवून वापरावे.

हे सगळे करूनही आकृती जुळली नाही, तर पाच बाजू, तिन्ही कर्ण आणि दोन्ही टोकांवरून घेतलेली बेअरिंगे इथे लिहा, आणि प्रत्येक कोपऱ्याजवळ पाच-सात मीटरच्या आत लोखंडाचे काय काय आहे तेही कळवा. तेवढ्यावरून चूक कोणत्या कोपऱ्यात किंवा कोणत्या मापात आहे हे बहुधा सांगता येईल.